अस्तरची दुखणी

"हल्ली त्याला वाचताना अक्षरं पुसट दिसतात," मास्तर म्हणाले.

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. टेबलावर बसलेल्या कुत्र्यानेही केली.

"वाचताना?"

"म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरची," मास्तरांनी सावरून घेतलं. "पूर्वी कसा, लांबूनच पुडा ओळखायचा."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुत्र्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला. आपल्या कुत्र्याचे डोळे उत्तम आहेत हे ऐकून इतका हिरमुसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

मी मास्तरांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मास्तर शिंपी. ऐंशीला टेकलेले. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि पुरुषभर उंचीचा आरसा अजून तिथेच आहे. बेतायच्या टेबलावर मास्तर जेवतात. टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर कुत्रा झोपतो. त्याचं नाव अस्तर. "दिसत नाही, पण आतून चिकटलेला असतो, म्हणून अस्तर," असं मास्तरांचं म्हणणं. रंग तांबूस. एक कान उभा, एक पडलेला. वय झालंय, पण ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मला मास्तर पंडित म्हणतात. मी साहित्य घेऊन पदवीधर झालो, हा त्यांच्या मते विनोद आहे. "साहित्य शिकलास ना? मग उचल हे साहित्य," असं म्हणून बाजाराची पिशवी माझ्या हातात देतात. दर वेळी देतात. दर वेळी स्वतःच हसतात.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी गुडघेदुखीच्या गोळ्यांची बाटली उघडली. एक गोळी अस्तरच्या तोंडात टाकली. एक स्वतःच्या तोंडात.

मी पाहतच राहिलो.

"मास्तर, ती कुत्र्याची आहे."

"गुडघ्याची आहे," ते चावत म्हणाले. "गुडघ्याला काय कळतंय, तो कुणाचा ते?"

"अहो, पण..."

"चव वाईट नाही. जरा मटणाचा वास येतो, एवढंच. देऊ?"

मी नको म्हणालो. मग त्यांनी मला मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

मास्तरांची मुलगी दुसऱ्या शहरात असते. मागच्या थंडीत मास्तर न्हाणीत घसरले, तेव्हा ती धावत आली. कमरेला शेक दिला, न्हाणीत धरायला दांडी लावून घेतली आणि जाताना दम दिला. "आता आणखी एक काही झालं ना बाबा, की मी तुमचं ऐकणार नाही. उचलून घेऊन जाईन." तिचं घर नवव्या मजल्यावर. त्या इमारतीत कुत्र्यांना मनाई.

"अस्तरचं काय म्हणून विचारलं," मास्तर म्हणाले, "तर म्हणते, त्याच्यासाठी चांगलं घर बघू. चांगलं घर बघायला तो काय लग्नाचा आहे?"

पंचाईत अशी होती की कोपऱ्यावरचा डॉक्टर तिचा शाळेतला मित्र. "मी इथे शिंकलो की ती तिकडे रुमाल शोधते," मास्तर म्हणाले. म्हणून माणसांच्या डॉक्टरची पायरी त्यांनी सोडली. पण गुडघे दुखायचे थांबले नाहीत. कान बहिरा व्हायचा थांबला नाही. शेवटी त्यांना वाट सापडली. कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंचे आणि मुलीचे एकाच शाळेचे संबंध नव्हते.

"पण हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं? आमच्या धंद्याची रीत आहे ही." ते उठून आरशासमोर उभे राहिले. "गिऱ्हाईक जाड झालं, तर जाड झालात म्हणायचं नाही. कापड आटलंय म्हणायचं. वाळलं, तर कापड सैल पडलंय म्हणायचं. बिघडतं ते कापड, माणूस नाही. पोटावर बोट ठेवलंस की गिऱ्हाईक गेलं. तुझ्या पुस्तकात आहे का हे?"

नव्हतं.

"अस्तर माझं कापड आहे," ते म्हणाले.

अस्तरने टेबलाखालून शेपटी आपटली. तो या कटात पहिल्यापासून होता.

नंतर दर महिन्याला मी त्यांच्यासोबत जात राहिलो. चोराला साथ देणारा मी पहिलाच साहित्याचा विद्यार्थी नसेन. मास्तर काय बोलतील याचा नेम नसे. एकदा म्हणाले, अस्तरला मागून हाक मारली तर ऐकू येत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीमागे कागदाची पुडी हळूच चुरगाळली. अस्तर असा गर्रकन फिरला की स्टूल पडलं. "मर्जीचं आहे त्याचं," मास्तर म्हणाले.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "गोळ्या इतक्या लवकर कशा संपल्या?"

"माणसाला दोन गुडघे, याला चार. दुप्पट लागणारच."

"घरात आणखी कुणी खात नाही ना?"

"आहे कोण दुसरं?" मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा वर राहतो. पण याने गुडघे अजून वापरायला काढलेले नाहीत."

बाईंनी मान डोलावली आणि कपाटातून दुसरीच बाटली काढून दिली. वेगळी बाटली का, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मग दुधाचं झालं. मास्तर गॅसवर दूध ठेवून बागेत गेले. मी वास आला म्हणून खाली धावलो. पातेलं काळं ठिक्कर. त्याच आठवड्यात दवाखान्यात ते म्हणाले, "हा दूध गॅसवर ठेवून विसरतो."

"कोण?"

"अस्तर. म्हणजे ठेवतो मी. आठवण करून द्यायचं काम त्याचं. हल्ली देत नाही."

बाई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मी जमिनीकडे पाहत राहिलो. दोन दिवस त्यांनी गॅस पेटवलाच नाही. माझ्याकडे वर चहाला आले.

आणि एका शनिवारी सकाळी आम्ही पट्टा घेऊन दारात उभे असताना समोरून बॅग ओढत मुलगी आली. न कळवता.

"कुठे निघालात?"

"अस्तरला दाखवायला," मास्तर म्हणाले. "अगं, फोन तरी करायचा!"

"फोन करून आले असते तर घर आवरून ठेवलं असतंत. चला, मीही येते."

मी मास्तरांच्या चांगल्या कानापाशी पुटपुटलो, "आज नको जायला."

"आता मागे फिरलो तर ती खोदून विचारेल. सरळ चाल. नखं कापून येऊ फक्त."

नखांचा विषय काढूच दिला नाही बाईंनी. त्या मुलीला पाहून म्हणाल्या, "तुम्ही यांची मुलगी? बरं झालं आलात. या कुत्र्याबद्दल घरच्या कुणाशी तरी बोलायचंच होतं."

मास्तरांनी माझा दंड धरला.

"गुडघे झिजलेत," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "डावा कान जवळजवळ गेलाय. रात्रीतून सारखा उठतो. वाचताना अक्षरं पुसट दिसतात. आणि दूध गॅसवर ठेवून विसरतो."

मुलीने अस्तरकडे पाहिलं. अस्तर तेवढ्यात टेबलावरून उडी मारून पलीकडच्या मांजराच्या पेटीपर्यंत जाऊन, आतलं मांजर फिस्कारल्यावर, उडी मारून परत आला होता.

"याचं म्हणताय तुम्ही?"

"नाव याचंच सांगितलंय मला. गोळ्यांची मात्र काळजी करू नका. शंका आल्यापासून मी गोळ्या बंदच केल्यात. बाटलीत नुसती बिस्किटं भरून देते."

"काय सांगता!" मास्तर उसळले. "अहो, तीन महिने माझा गुडघा त्यांच्यावरच तर..."

आणि थांबले.

मांजरसुद्धा गप्प झालं. मास्तरांनी अस्तरकडे रागाने पाहिलं, जणू तोच बोलून गेला.

मुलगी त्यांच्याकडे वळली नाही. बाईंनाच विचारलं, "या कुत्र्याला मी माझ्याकडे नेलं तर?"

"तुमच्याकडे कुत्री चालतात?"

"नाही."

"मग कसं नेणार?" बाईंनी अस्तरचा पट्टा मास्तरांच्या हातात दिला. "पण याला माझ्या औषधाचा उपयोग नाही. याला माणसांच्या डॉक्टरकडे न्या."

आम्ही घरी आलो. मी वर जायला निघालो, तर मास्तरांनी डोळ्यांनीच थांब म्हणून सांगितलं. मुलीने घर पाहिलं. काळं पातेलं तिला ओट्याखाली सापडलं. तिने ते हातात घेऊन पाहिलं आणि परत तिथेच ठेवलं. मग खिळ्यावरची टेप काढली.

"बाबा, आरशासमोर उभे राहा."

मास्तर उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला तिथे उभं केलं होतं, आता स्वतःचे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. तिने खांद्यावरून टेप धरली. लहानपणी ती याच खोलीत टाचण्या हातात घेऊन बापाच्या मागे फिरायची, हे त्यांनी मला सांगितलं होतं. तिने पाठीमागून सदरा चिमटीत धरला. चिमटीत मावेना. मूठभर कापड हातात आलं.

ती ते धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल.

"बाबा," ती म्हणाली, "कापड फार सैल पडलंय."

मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खोडकरच निघाला.

"धुण्यात काहीतरी चुकतंय कापडाच्या."

"दिसतंय ते."

"अस्तर म्हणतो, त्याला नवव्या मजल्यावर करमणार नाही. आणि चांगलं घर नको म्हणतो. हेच चांगलं आहे म्हणतो."

तिने सदरा सोडला नाही. टेबलाखाली अस्तर एका चिंधीशी झटत होता.

"मग अस्तरला सांगा," ती म्हणाली, "सोमवारी त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जायचंय. कानाचं यंत्र घ्यायचंय. चष्मा बदलायचाय. त्याने गॅसला हात लावायचा नाही. दूध वरचा पंडित तापवेल."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो.

"आणि यातलं एक जरी चुकलं, तर कापड नाही बघणार मी. माणूस उचलीन."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून वाकले. अस्तरच्या पडलेल्या कानात काहीतरी कुजबुजले. मग आपला कान त्याच्या तोंडाशी नेला. अस्तरने तो चाटला.

"हो म्हणतोय," ते म्हणाले. "पण बिस्किटं चालू ठेवा म्हणतो. गुण होता त्यांना."

ती हसली. मग आरशाकडे पाठ करून बराच वेळ टेप गुंडाळत राहिली.

सोमवारी डॉक्टरकडे मी सोबत गेलो. बाहेर बसलेल्या नर्सने पेशंटचं नाव विचारलं. मास्तर छाती काढून म्हणाले, "अस्तर." मी दुरुस्ती केली.

यंत्र आता कानात असतं. आठवण झाली तर. काल दुपारी मुलीचा फोन मला आला. मी जिन्यात बसलो होतो. पायाशी अस्तर माझी चप्पल चावत होता, टक्क जागा. खालच्या खोलीतून असं घोरणं येत होतं की जिन्याचा कठडा थरथरावा.

"कसा आहे अस्तर?" तिने विचारलं.

"झोपलाय, ताई."

"तो आवाज त्याचा?"

मी अस्तरकडे पाहिलं. त्याने तोंडातली चप्पल सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याचाच," मी म्हणालो.

"मग बरा आहे," ती म्हणाली.