माझं एकमेव धड झालेलं मरण

पडद्यावर मी बरेचदा मेले, पण प्रेक्षकांसमोर एकदाही नाही. कधी शहरात शिकणाऱ्या हिरोला तार यायची, कधी एकदम भिंतीवर हार घातलेला माझा फोटो दिसायचा, आणि तो फोटोही दुसऱ्याच चित्रपटातला असायचा. एका चित्रपटात मी मध्यंतरापूर्वी खोकत होते आणि मध्यंतरानंतर नव्हतेच. मेले की बरी झाले, हे दिग्दर्शकालाही सांगता आलं नाही.

चौदाव्या वर्षी मी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात उभी राहिले. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मालकांना गोठ्यातलं वाटलं, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी ते बदललं. पुढे मी बहीण झाले, वहिनी झाले, दोनदा नायिकाही झाले. ते दोन्ही चित्रपट पडले. पस्तिसाव्या वर्षी एका सकाळी मेकअपवाल्याने मला न विचारता केसांना पांढरी पावडर फासली आणि मी आई झाले. त्या पडलेल्या चित्रपटांपैकी एकात ज्याच्या गळ्यात हात टाकून मी गाणं म्हटलं होतं, तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा गृहस्थ पुढे अकरा चित्रपटांत माझा मुलगा होता. त्याचे केस मात्र दर वर्षी अधिकाधिक काळे होत गेले.

तर मला एकदा कॅमेऱ्यासमोर नीट मरायचं होतं. कुणाला हे हट्टाचं वाटेल, पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या दुःखात डोळे पुसल्यावर माणसाला आपल्या वाट्याचा एक प्रसंग मागावासा वाटतो. एका दिग्दर्शकाने तो कबूल केला. मरताना मी मुलाचा हात धरून सात वाक्यं बोलणार होते. ती मला आठवडाभर आधी पाठ होती.

चित्रीकरण काष्टीजवळच्या एका गावात होतं. ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष. निर्मात्याला उजाड माळ हवा होता आणि त्या वर्षी तो जिकडे बघाल तिकडे तयार होता. "काय नैसर्गिक सेट मिळालाय!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या, ती माणसं ते ऐकून घ्यायची आणि पुढे चालू लागायची. मला त्याची लाज वाटायची, पण मी त्याला कधी टोकलं नाही.

माझ्या मरणाच्या दिवशी सकाळी दिग्दर्शक खाकरत आला. "बाई, थोडा बदल केलाय. हिरो घरी पोचतो तेव्हा आई आधीच गेलेली असते. त्यामुळे मुलाचं दुःख जास्त उठून दिसतं." ही सूचना कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. याही चित्रपटात माझा मुलगा तोच होता, आणि तो पलीकडे खुर्चीवर बसून कलप लावून घेत होता. माझी सातही वाक्यं गेली. आता मी नुसतं तिरडीवर पडायचं होतं, नाकात कापूस घालून. मी भांडले, चांगला आवाज चढवून भांडले, आणि दौंडची एस.टी. किती वाजता आहे याचीही चौकशी केली. मग नेहमीप्रमाणे चहा मागवला.

इतक्यात रडायला बायका आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या दहा-बारा जणींना दिग्दर्शकाच्या सहायकाने एका दिवसासाठी आणलं होतं. अंगणात बसवून तो म्हणाला, "हां, रडा."

"कुनासाठी?" त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईने विचारलं.

"ह्या बाई मेल्यात."

"त्या तर च्या पित्यात की."

बायका पदराआड हसल्या. सहायकाने चित्रपट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मयताचं नाव काय?"

सहायकाने वही चाळली. "हिरोची आई."

"आयला नाव नसतंय व्हय? आन् तिनं जल्मात काय केलं? काय धरून रडायचं आमी?"

त्याने पुन्हा वही चाळली. "स्वयंपाक करते. आणि खोकते."

म्हातारी वैतागली. तिचं बरोबर होतं. नाकाला पदर लावून मुसमुसणं हे शहरातलं रडणं. खेड्यात बाई मेलेल्याला नावाने हाक मारते, त्याच्या आयुष्यातलं एकेक सांगत हेल काढते. सांगायला काही नसेल तर रडायचं कशाच्या आधाराने? "असलं रिकामं रडनं आमाला जमायचं न्हाई," ती म्हणाली आणि उठू लागली.

का कोण जाणे, मी कप ठेवला आणि जाऊन त्यांच्यात बसले. म्हटलं, माझ्यासाठीच रडा. मग मी त्यांना माझं गोठ्यातलं नाव सांगितलं. चौदाव्या वर्षी घर सोडल्यावर वडिलांनी पुन्हा उंबरा चढू दिला नाही, ते सांगितलं. माझी आई गेली तेव्हा मी सेटवर कुणा भलत्याच बाईच्या प्रेतापाशी रडत होते आणि मालकांनी शॉट संपेपर्यंत तार खिशात ठेवली होती, तेही सांगितलं. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी च्च केलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. म्हातारीने एवढंच विचारलं, "पोरंबाळं?"

"नाहीत."

"बास. पुरं एवढं. जावा, पडा जावा."

मी तिरडीवर डोळे मिटून पडले. कॅमेरा सुरू झाला आणि म्हातारीने माझ्या नावाने हाक मारली. आई गेल्यानंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं. "चवदा वर्साची लेक गं, बापानं दार न्हाई उघडलं गं! आयचं त्वांड न्हाई दिसलं तुला गं, माझ्या बाई!" बाकीच्यांनी तो हेल उचलला. त्या नाटक करत नव्हत्या, हे मला डोळे मिटूनही कळत होतं. मला मात्र आवरलं नाही.

"कट! प्रेत रडतंय!" दिग्दर्शक ओरडला.

मुलगाही चिडला होता. त्या कल्लोळात त्याचा "आई!" कुणालाच ऐकू गेला नव्हता. पुन्हा घेऊ, पण जरा हळू रडा आणि नावबिव नको, असा हुकूम निघाला. म्हातारी केव्हाच उठली होती. "एका मयताला दोनदा न्हाई रडत," म्हणाली, आणि सगळ्या जणी अंघोळीला निघून गेल्या. प्यायला टँकरचं पाणी असलेल्या गावात त्या माझ्या नावाने अंघोळी करणार होत्या. शेवटी माझ्या तोंडावर चादर ओढून मुलाचा क्लोज-अप घेतला. चित्रपटात तेवढाच आहे, आणि वर व्हायोलिन.

चार वाजता त्या बायका परत आल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी घरोघरून भाकरी आणि पिठलं आणलं होतं. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लालसर भाकरी. त्यांच्या स्वतःच्या पोटाला कमी पडणाऱ्या. युनिटच्या चुलीवर मटण शिजत होतं आणि मुलगा ताट घेऊन बसला होता. म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली. "आज आय गेली आन् मटान खातुयास?" त्याने रस्सा बाजूला सारला आणि मान खाली घालून मिलोची भाकरी मोडली. अकरा चित्रपटांत त्याने माझ्यासाठी केलेलं हे एकमेव काम.

मग ती माझ्याकडे आली. टोपल्यात दोन भाकरी उरल्या होत्या. "तुमाला वाढावं का न्हाई, तेच कळंना," म्हणाली. मी हात पुढे केले. तिने एक भाकरी दिली, जरा थांबून दुसरीही दिली.

"मागं कुनी न्हाई म्हनालात," ती हळूच म्हणाली. "खरंच जाल तवा कुनाला तरी कळवाया सांगा. आमी येऊ."

हल्ली माझं हवंनको बघणाऱ्या भाच्याला मी त्या गावाचा पत्ता लिहून दिला आहे. तो हसतो. मी गंमत करते आहे असं त्याला वाटतं.