श्री. चेन दुसऱ्यांदा वाकले तेव्हा हसणाऱ्यांस

घटनाक्रम असा. गेल्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात मी लातूर सोडून इथे आखातात आलो. त्यास जबाबदार माझा मुलगा व सून. दिवाळीनंतरच्या रविवारी अल रय्यानमधील एका बांधकाम कंपनीत चिनी पर्यवेक्षकांना इंग्रजी शिकवण्याचे काम मी पत्करले. त्यास जबाबदार मी स्वतः. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, आपल्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात, श्री. चेन यांची विटंबना झाली. त्यास जबाबदार सांस्कृतिक प्रमुख चि. आदित्य, पहिल्या रांगेत बसलेली कार्यकारिणी आणि टाळ्या वाजवणारे आपण सर्व.

लातूर सोडताना घराची किल्ली मी धाकट्या भावाच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "दादा, तिथं तरी कुणाला नोटिसा पाठवू नका." जिल्हा न्यायालयात भाषांतरकार म्हणून सारी नोकरी झालेल्या माणसाला हा सल्ला मानवला नाही, तरी मी मान हलवली. वडील असते तर त्यांनी वेगळे सांगितले असते. बदलीच्या गावी सामान उतरले की ते आईला म्हणत, "आधी इथल्या एखाद्या माणसाला जेवायला बोलव. मग हे गाव आपलं."

वर्ग एका पोर्टाकॅबिनमध्ये भरे. एसीची घरघर, टेबलावर गरम पाण्याचे थर्मास. पहिल्या दिवशी मी आत शिरताच सगळे ताडकन उभे राहिले. श्री. चेन हे वर्गप्रमुख. वयाने पन्नाशीचे, बांधकामावरील सुरक्षा-फलकांचे काम त्यांच्याकडे. फळा पुसणे, हजेरी सांगणे ही त्यांची कामे मला समजली. पुढचे समजायला वेळ लागला. एखाद्याने गृहपाठ केलेला नसे, मी त्याला विचारी, आणि उठून क्षमा मागत चेन. एकाच्या अपराधाला दुसरा जबाबदार नसतो, हे मी त्यांना नाना प्रकारे सांगून पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "टीचर, क्लास मिस्टेक, मॉनिटर मिस्टेक." त्यांच्या शाळेत लहानपणापासून ही रीत होती. शिक्षकावर ठपका येऊ द्यायचा नाही, आधी आपण उभे राहायचे.

त्यांनी रंगवलेले फलक मी वर्गात वाचायला घेत असे. ओल्या फरशीपाशी "प्लीज स्लिप केअरफुली". बंद पडलेल्या क्रेनवर "धिस मशीन इज सिक, डू नॉट डिस्टर्ब". आम्ही सारे हसत होतो, चेन सर्वांत आधी. मग मीही आपली मराठी शब्दशः इंग्रजीत करून दाखवी. "डू नॉट ईट माय हेड" हे वाक्य चेन यांनी वहीत उतरवून घेतले आणि गंभीरपणे विचारले, "टीचर, इंडियात हे कोण खातो?" त्या हसण्यात कुणी कुणाच्या वर नव्हते.

अशा माणसाला मी मेळाव्यास नेले. त्यांनी नवा टाय घेतला होता आणि मंडळासाठी फळांची करंडी आणली होती. चि. आदित्य त्याच कंपनीत फायनान्स विभागात आहेत. प्रशिक्षणासाठी ठेवलेली फलकांची छायाचित्रे त्यांनी परवानगीवाचून उचलली आणि पडद्यावर दाखवली. प्रत्येक चित्रानंतर माझ्याकडे बोट करून ते विचारीत, "आणि यांचे गुरुजी कोण बरं?" सभागृह हसे.

चेन यांना मराठी येत नाही. त्यांनी आपले फलक पाहिले, हसणे ऐकले, माझ्याकडे वळलेले बोट पाहिले. ते उठले, मंचासमोर गेले आणि कमरेत वाकून म्हणाले, "टीचर नो मिस्टेक. आय मॉनिटर. माय मिस्टेक." मागून कुणी ओरडले, "वन्स मोअर." आदित्य माइकवर म्हणाले, "यल्ला चेनभाऊ, होऊन जाऊ दे." आणि ते पुन्हा वाकले. मी त्यांच्यापाशी पोहोचेपर्यंत कितीतरी मोबाइल उंचावले होते.

ती चित्रफीत फिरत फिरत त्यांच्या वरिष्ठांपर्यंत गेली. फलकांचे काम काढून घेण्यात आले. महिनाअखेर त्यांना मायदेशी धाडण्याचा प्रस्ताव आहे. कारण विचारता उत्तर मिळाले की चूक त्यांनी स्वतःच चारचौघांत कबूल केली आहे. तो कबुलीजबाब नव्हता, हे मी सांगितले. आयोजकांनी तसे लेखी कळवल्यास फेरविचार करू, असे ते म्हणतात. मी कार्यकारिणीला पत्रे पाठवली. उत्तरादाखल आदित्य यांचा व्हॉट्सअॅप संदेश आला: "काका, चिल करा. गंमत होती, खलास."

घरी नात म्हणाली, "आजोबा, इट वॉज जस्ट अ जोक." तिला माझी मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. याच मंचावर ती अडखळत मराठी बोलली तेव्हा आपण "किती गोड" म्हणून तिला बक्षीस दिले होते. पन्नाशीच्या माणसाचे अडखळणे आपल्याला गोड का वाटू नये, याचा खुलासा मला कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

लातूरला आता माझे कुलूपबंद घर आहे. इथे मुऐदरमध्ये मुलाच्या भाड्याच्या व्हिलात एक खोली आहे. या दोहोंपैकी कोणते घर, असे भाऊ फोनवर विचारतो. मी त्याला मंडळाचे नाव सांगत आलो. जिथे शुक्रवारी चार माणसे मराठीत वाद घालतात, ते घर. म्हणून पाहुण्याला मी हॉटेलात नेले नाही, तिथे आणले. घरात बोलावलेल्या माणसाची भाकरी गेली आणि घरचे गप्प राहिले, तर त्या जागेला मी यापुढे फक्त सभागृह म्हणेन.

म्हणून माझी मागणी. महिनाअखेरीपूर्वी सभा बोलवा. त्याच मंचावर, तोच माइक हातात घेऊन, चि. आदित्य यांनी सर्वांसमक्ष सांगावे: तो माणूस आपल्या शिक्षकाची पाठराखण करतो आहे, हे तुम्हाला कळले होते की नाही? कळले होते, तर दुसऱ्यांदा वाकायला का लावलेत? आणि कार्यकारिणीने ते उत्तर स्वाक्षरीनिशी कंपनीस धाडावे. मराठीत बोललात तरी चालेल. श्री. चेन माझ्या शेजारी बसलेले असतील, आणि तुमचे प्रत्येक वाक्य मी त्यांना जसेच्या तसे सांगेन.