ब्रेकची हवा काढताना

गाडीखाली शिरण्याआधी अण्णा तिला खांदा लावून गदागदा हलवत. "पडायचं तर आत्ता पड बाई, मी बाहेर आहे तोवर," असं बजावत, आणि ती पडली नाही की मगच खाली सरकत.

असा एखादा फिटर तुमच्याही चाळीत असेल. आमचे लालबागचे अण्णा ज्या गिरणीत फिटर होते, ती संपात बंद पडली ती कायमची. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून उतारवयात त्यांनी शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घेतली. तिच्या ब्रेकला मात्र गॅरेजवाल्याला हात लावू देत नसत. "पोरं माझ्या गाडीत बसतात, त्याच्या नाय."

मागचा कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि जॅकवर भरवसा न ठेवता गाडीखाली आधाराला लोखंडी घोडी. सुटलेला कॅलिपर ते पाइपावर लोंबकळू देत नसत, तारेने वर बांधून ठेवत.

सगळं परत जोडलं की ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एकाने खाली नट सैल करून हवा सोडायची, तो परत आवळेपर्यंत दुसऱ्याने वर पेडल दाबून धरायचं. दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसत. खालून आवाज येई, "काय गो, धरलंस?"

पेडल दाबून वहिनी म्हणत, "धरलंय. उरका लवकर, मेथी सुकतेय."

वहिनी अचानक गेल्या. काही महिन्यांनी व्हॅनचं मागचं चाक जाम होऊ लागलं. अण्णांनी एकट्यानेच सगळं केलं. दगड, घोडी, तार, कशातच चूक नाही. मग खालून हाक आली, "काय गो, धरलंस?"

नळावरच्या बायका थबकल्या. पुन्हा हाक आली, जरा चिडून. मी धावत जाऊन सीटवर बसलो, पेडल दाबलं आणि म्हटलं, "धरलंय, अण्णा."

मग "सोड" एवढंच ऐकू आलं. काम त्यांनी पुरं केलं.

हात धुताना म्हणाले, "गाडी विकतो रे."

"का? ब्रेक तर मस्त लागतोय."

"आज वाटलं, ती बसलीय. उद्या वाटेल, बोल्ट आवळलाय. मागे पोरं असतात."

समजूत घालायला गेलो, तर रडूच आलं मला.

व्हॅन न्यायला माणूस आला. अण्णांनी चावी दिली आणि सीटखालून एक चपटी उशी काढली. वहिनींचा पाय पेडलपर्यंत पोचत नसे, म्हणून त्या ती पाठीला लावत.

"राहू द्या की, आम्हाला होईल," नवा मालक म्हणाला.

अण्णा उशी छातीशी धरून जिना चढून गेले.