नवसागराचा धूर

माझ्यासारख्याने लिहायला बसावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. माफ करा. आजवर मी अर्ज आणि प्रॅक्टिकलच्या वह्या सोडून काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिलेलं दाखवून चुका काढून घ्याव्यात असंही घरी कुणी नाही.

सिरसाळ्यात अब्बांचं कल्हईचं दुकान आहे. घरोघरी स्टील आल्यापासून तांब्याची भांडी कमी येतात, पण लग्नाच्या मोठ्या देगा अजून येतात. देग तापवायची, आत नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील लावून कापसाचा बोळा फिरवायचा. तांबं आतून चांदीसारखं होतं. तो धूर आता अब्बांच्या छातीत बसलाय. म्हणून ते मला कामाला हात लावू देत नाहीत. "माझ्यामागं ह्या धुरात कुणी नको," एवढंच म्हणतात.

आणि बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी, अंबाजोगाईला, माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल राहिलं. पुन्हा राहिलं तर कॉलेज सोडून दुकानात बसायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. हे ठरवलेलं अब्बांना सांगायची हिंमत झाली नाही.

सुट्टीत एकदा दुकानाच्या पायरीवर मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करत होतो. अब्बांनी विचारलं, "ह्यात आपलं काय हाय?"

मी एकोणतिसाव्या घरात तांबं दाखवलं, पन्नासाव्यात कथील. त्यांनी दोन्ही घरांवर काळं बोट ठेवून पाहिलं.

"अन नवसागर?"

"तो ह्यात नाही, अब्बा."

"रोज हातात असतो त्यो. कावून न्हाई?"

मी सांगितलं, इथं एका घरात एकाच जातीचे अणू. नवसागरात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन, असे तीन जातींचे अणू एकमेकांना धरून असतात. तापवलं की त्याचे दोन वायू होऊन सुटतात, आणि गार जागी आले की परत जुळतात. तोच पांढरा धूर, तोच काठावरचा पांढरा थर.

अब्बा देगेच्या काठाकडं बघत राहिले. "रुसून जातेत अन घरी येतेत म्हन की."

देग न्यायला आलेले चाचा हसले. "पोरगा मास्तर झाला की तुमचा."

"आधी पास तर होऊ द्या," अब्बा म्हणाले. मी मान खाली घातली.

पुन्हा प्रॅक्टिकलला बसलो, तेव्हा मला एक पांढरा क्षार ओळखायला दिला. परीक्षानळीत चिमूटभर टाकून तापवला, तर धूर उठला आणि नळीच्या वरच्या गार भागावर पांढरं बसलं. मला इतका आनंद झाला की मी उत्तरपत्रिकेवर सरळ 'नवसागर' लिहिलं आणि हात बांधून बसलो. अब्बा धूर बघूनच काम पुढं नेतात. ओळख पटल्यावर आणखी काही करायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक थांबले. "चाचण्या कुठे आहेत?"

"सर, धुरावरून ओळखलं."

"कुणी शिकवलं असं?"

"अब्बांनी. कल्हई करतात."

शेजारचा मित्र पुटपुटला, "काय बे, दुकान मांडलं का इथं?"

परीक्षक हसले नाहीत. "उत्तर बरोबर आहे. पण मला पुरावा लागतो. वीस मिनिटं आहेत."

मी परत परीक्षानळी उचलली. कॉस्टिक सोडा घालून तापवलं, वास आला, लाल लिटमस निळा झाला. सिल्व्हर नायट्रेटनं दह्यासारखा पांढरा साका पडला. तेवढं लिहिलं आणि घंटा झाली. बाकीचे रकाने कोरेच राहिले.

पुढचे काही आठवडे निकाल लागलाच नाही. मी गावी आलो. अब्बांचा खोकला वाढला होता. एका दुपारी ते देग तापवत असताना मी पहिल्यांदाच म्हणालो, "सरका, मी करतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काय ठरवलंय ते त्यांना कळलं असावं. तरी सांडशी हातातून सोडली नाही.

"निकाल आला का?"

"न्हाई अजून."

"मग बस तिकडं."

मी पायरीवर बसलो. दुपार कलून असरच्या नमाजाची वेळ होत आली, तेव्हा फोन वाजला. तोच मित्र होता.

"कुठं हायेस बे? निकाल लागला. तुझं प्रॅक्टिकल निघालं, पास झालास."