भिंतीपलीकडचा माईक

माझ्या नणंदेला अख्खी गल्ली 'कर्णा' म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर. तिला राग येत नाही, कारण धंदाच तो: कर्णे, माईक, ॲम्प्लिफायर. सासऱ्यांचं साउंडचं दुकान होतं. मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो पोस्टात चिकटला आणि तिथेच शिक्के मारता मारता मऊ झाला. मुलगी मात्र शाळेतून आली की दप्तर फेकून वडिलांच्या शेजारी बसायची. सासरे गेले तेव्हा दुकान आपोआप तिच्याकडे आलं, कारण कुठली वायर कुठे जाते हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

मध्ये तिचं लग्न झालं होतं. एका दुपारी तिच्या नवऱ्याने फोनवरून एकच शब्द तीनदा उच्चारला आणि संसार आटोपला. कारणसुद्धा सांगितलं नाही. तिच्या हातात तेव्हा कुणाचा तरी जळका ॲम्प्लिफायर होता. तिने फोन ठेवला आणि आधी तो दुरुस्त केला, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. मग घरी येऊन मला म्हणाली, "वहिनी, आजपासून माझं ताट इथेच वाढा." मी वाढलं, आणि तेव्हापासून आमची रोज भांडणं होतात. भाजीत मीठ किती इथपासून खुदा काय म्हणतो इथपर्यंत.

तिची भाषा ऐकून लोकांना वाटतं, हिला धर्माचं काही पडलेलं नाही. साफ चूक. ती पाचही वेळा नमाज पढते, आणि पढून झाली की पुन्हा भांडायला मोकळी. मी एकदा वैतागून म्हटलं, "इतकी श्रद्धा आहे, तर थोडं गप्प बसायला काय होतं?" तर म्हणाली, "श्रद्धा आहे म्हणूनच तर बोलते. परक्याच्या घरात कोण भांडतं?"

एकदा शहरातल्या सभागृहात मोठा परिसंवाद झाला: धर्माचा कायदा आणि माणसाचे हक्क. साउंड अर्थातच कर्णाचा. मी सोबत गेले होते, केबल गुंडाळायला. स्टेजवर एक प्राध्यापक म्हणाले, हा सगळा कायदा जुना झाला, गुंडाळून ठेवा. त्यांच्या शेजारचे धर्मोपदेशक म्हणाले, एका टिंबालाही हात लावाल तर खबरदार. दोघं बोलत होते ते आमच्याबद्दलच: आमची लग्नं, आमची फारकत, आमची पोरं. दोघंही उंटावरून शेळ्या हाकत होते, फक्त उंट वेगवेगळे. बाई म्हणून स्टेजवर एकच होती, ती आभार मानायला. शेवटी कर्णाने मिक्सरवरचा स्वतःचा माईक उघडला आणि विचारलं, "आम्हाला कधी विचारताय?" प्राध्यापक म्हणाले, प्रश्न चांगला आहे. उपदेशक म्हणाले, प्रश्न विषयाला सोडून आहे. तेवढ्यात चहा आला आणि दोघं मिळून चहा प्यायले.

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे माझ्याच लेकीवर पाळी आली आणि हसू पळालं.

लेक सासरहून आली ती एका पिशवीनिशी. तोंडातून शब्द नाही. आम्ही म्हटलं, दमली असेल. कर्णाने मात्र ओळखलं. जेवताना ती पोरीच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी पुटपुटली. पोरीने उत्तर दिलं नाही. कर्णा उठून उजव्या बाजूला गेली, तेच पुटपुटली. पोरीने वळून पाहिलं.

"डावा कान कुणी घालवला तुझा?" तिने विचारलं.

पोर रडली नाही. "हातच होता त्यांचा, आत्या," एवढंच म्हणाली. मी हातातला घास ताटात ठेवला. ज्या कानात मी लहानपणी अंगाई म्हटली होती, तो कान.

बाईने स्वतःहून मागून घेतलेल्या फारकतीला आमच्यात खुला म्हणतात. वकीलबाईंनी सांगितलं, कोर्टात दावा करू, सुटका होईल, वेळ लागेल. पण जमातीच्या पंचांनी खुला दिला नाही तर लोकांच्या लेखी पोर बांधलेलीच राहणार. कर्णा म्हणाली, "दोन्ही दारं वाजवू. एक उघडेपर्यंत दुसऱ्यावर लाथा मारू."

आता जमातखान्यातली पद्धत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पंच आणि काझीसाहेब मोठ्या खोलीत बसतात. बायका भिंतीपलीकडच्या खोलीत. मोठ्या खोलीत कर्णानेच बसवलेले दोन माईक, एक काझीसाहेबांपुढे, एक बोलणाऱ्यासाठी. त्यांचा आवाज दोन्हीकडच्या स्पीकरमधून येतो, म्हणजे आत बसलेल्या बाईला आपल्याबद्दल काय चाललंय ते नीट ऐकू येतं. तिने मात्र बोलायचं नाही. तिच्या वतीने तिचा वली, म्हणजे बाप किंवा भाऊ, बोलणार. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला नुसते कानच होते, तोंड नव्हतं. पुरुषाला सुटायला तीन शब्द पुरतात, आणि बाईला पाच पंच, एक भिंत आणि एक बाप लागतो.

आणि हा बाप म्हणजे माझा नवरा. सभ्य माणूस. रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर हाच माफी मागतो. जावयाचे चुलते दोनदा घरी येऊन बसले, पाठीवर हात फिरवून गेले, आणि हा मूग गिळून बसला. "पुन्हा असं होणार नाही म्हणतात," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "दुसरा कान शिल्लक आहे म्हणून?" त्याने मान खाली घातली. त्या रात्री मला कळून चुकलं, हा पोरीला परत पाठवणार.

सकाळी कर्णाने पोरीला विचारलं, "माईक दिला तर बोलशील?"

"मला बोलू देतील, आत्या?"

"देतील का ते मी विचारलं नाही. तू बोलशील का ते विचारलं."

"बोलेन."

मी मध्ये पडले. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतातच, वहिनी. त्यांच्याकडे माईक आहे."

सुनावणीच्या दिवशी ती दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत जमातखान्यात गेली, आणि बायकांच्या खोलीत एक माईक आणि पुरुषांच्या खोलीत काझीसाहेबांच्या डोक्यावर एक नवा स्पीकर बसवून आली. कुणी हटकलं नाही. मिस्त्री शिडीवर चढलेली असली की ती काय करते ते कुणी बघत नाही. हीसुद्धा गंमतच: आत्या म्हणून तिला त्या खोलीत पाऊल टाकता आलं नसतं, मिस्त्री म्हणून ती ॲम्प्लिफायरशेजारी खुशाल स्टूल टाकून बसली. नवी वायर दाराखालून आली होती, त्यामुळे मधलं दार पुरतं लागत नव्हतं. बायकांच्या खोलीतून त्या फटीला मी डोळा लावला.

नवरा उभा राहिला. घसा खाकरला. "पंच ठरवतील ते आम्हाला मान्य आहे," म्हणाला आणि बसला. एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काझीसाहेब म्हणाले, "दोन्हीकडची संमती आहे. मुलीने सासरी जावं, आणि मुलाने..."

"माझी संमती कुणी विचारली?"

आवाज त्यांच्या डोक्यावरून आला. सगळी खोली वर बघायला लागली. माझ्या शेजारी पोर दोन्ही हातांनी माईक धरून उभी होती.

"हे कुणी केलं?" काझीसाहेबांनी विचारलं.

"मी," कर्णा म्हणाली. तिला माईक लागत नाहीच.

"बाई, पद्धत आहे एक. कायदा माझा नाही, अल्लाचा आहे. तो बदलणारे तुम्ही-आम्ही कोण?"

"कायदा अल्लाचा, मान्य. भिंत जमातीने बांधली आणि वायरिंग माझं आहे. बदल मी माझ्या वायरिंगमध्ये केलाय."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. काझीसाहेब हसले नाहीत. ते शिकलेले आहेत, वाईट माणूस नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालणं जास्त अवघड. ते शांतपणे म्हणाले, "बाईच्या आवाजालाही मर्यादा असते."

"तुम्हीच शिकवलंत आम्हाला लहानपणी," कर्णा म्हणाली, "एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन थेट पैगंबरांपुढे गेली. वली नाही, भिंत नाही. हटून भांडली. आणि तिचं म्हणणं सात आभाळांवर ऐकलं गेलं. तिच्या भांडणावर अख्खा अध्याय आहे आपल्या ग्रंथात. वर ऐकू जातं, काझीसाहेब. इथे शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही?"

"त्या काळच्या बायका वेगळ्या होत्या," एक पंच म्हणाले.

"बायका त्याच आहेत. कान बदलले."

"बंद करा तो स्पीकर," दुसरे पंच ओरडले.

"बटण काझीसाहेबांच्या टेबलावर आहे. मी नाही दाबणार. ज्याला तिचं तोंड बंद करायचंय त्याने स्वतःच्या हाताने करावं, सगळ्यांसमोर."

काझीसाहेब बटणाकडे बघत राहिले. त्यांचा हात हलला नाही. हलला तो जावयाचा. तो तावातावाने उठला, स्पीकरची वायर खस्सकन ओढून तोडली आणि परत आपल्या जागी येऊन चुलत्याच्या कानाशी वाकला. ती जागा बोलणाऱ्याच्या माईकसमोर होती. त्याच्या रागाला ते कुठून दिसणार!

"घरी येऊ दे एकदा," तो हळूच म्हणाला. "दुसरा कानही ठेवत नाही."

दोन्ही खोल्यांत गडगडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आमच्या खोलीतल्या एका म्हातारीने तोंडावर हात घेतला. जावई माईककडे असा बघत होता, जणू त्यानेच चहाडी केली. पण मी बघत होते माझ्या नवऱ्याकडे. तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घसा खाकरला नाही.

"वली मी आहे ना?" तो म्हणाला. "मग वली म्हणून सांगतो. मघाशी जे बोललो ते मागे घेतो. माझी मुलगी म्हणेल तेच माझं म्हणणं. तिला विचारा."

मग काझीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "वायर जोडा."

कर्णाने दातांनी वायर सोलली. स्पीकर खरखरला. काझीसाहेबांनी मान वर करून त्या खोक्याला विचारलं, "मुली, तुला काय हवंय?"

"सुटका," माझी लेक म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. ऐकताना मी रडले, रागाने रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. खुला त्याच बैठकीत झाला. दोन पंच विरोधात होते, ते अजूनही आमच्या सलामाला उत्तर देत नाहीत. कर्णा त्यांना दुप्पट आवाजात सलाम करते.

एका बैठकीने कायदा बदलला, असं मी म्हणणार नाही. प्राध्यापक आणि उपदेशक अजून वाद घालत असतील, घालोत.

चार दिवसांनी जमातीचे चिटणीस घरी आले. कर्णा कामाला गेली होती. उंबऱ्यातूनच म्हणाले, "वहिनी, नणंदेला सांगा, बायकांच्या खोलीतला माईक काढून न्या. पंचांची तशी इच्छा आहे."

एरवी मी म्हटलं असतं, आल्यावर सांगते. या घरात भांडायचं खातं तिचं, माझं नाही. पण पोर आत बसून चहा पीत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माईक बायकांचा आहे. काढायचा असेल तर त्यांना विचारा."

"त्यांना कसं विचारणार?" चिटणीस गोंधळून म्हणाले.

"भिंतीपलीकडून विचारा," मी म्हटलं. "आता उत्तर येतं."