जपानची टट्टी

माझे बाबा बालाघाटात सरकारी ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी ठरवलेले पूल नि मोऱ्या ट्रेसिंग पेपरवर उतरवणं हे त्यांचं काम. तिरोडीच्या खाणीतल्या एका इंजिनिअरनं त्यांना एक सचित्र मासिक दिलं आणि आमच्या घराचे ग्रह फिरले. त्यात एका जपानी वास्तुकाराची हकिकत होती. त्यानं पहिलं घर बांधलं ते स्वतःच्या आईसाठी, बांबू नि कागदाच्या सरकत्या भिंतींचं. मग शाळा, मग नाट्यगृह, मग छप्पर तरंगतंय असं वाटावं इतकं मोठं सिमेंटचं सभागृह. बाबा मात्र पहिल्या घरापाशीच अडकले. त्या वास्तुकाराला ‘आपला जपानी’ म्हणू लागले, जणू मावसभाऊच.

एका रविवारी त्यांनी बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली मातीची भिंत पाडली. तिथं बांबूच्या चौकटी उभ्या केल्या, त्यांवर रद्दीतला ट्रेसिंग पेपर डकवला, चौकटी सहज सरकाव्यात म्हणून खालच्या खाचेला मेणबत्ती घासली. एका तावावर बाबांनी उतरवलेला उकवा गावचा पूल उलटा दिसे. मंगळवारी आई म्हणाली, “शुक्रवारी पोरीले पाहाले येऊन राह्यले. भीत कुठं गेली म्हणतीन, त काय सांगाल?”

“सांगीन ना,” बाबा म्हणाले. त्याचीच तर धास्ती होती.

स्थळ किरनापूरचं, मुलगा शाळामास्तर. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. लग्नानंतर बी.ए. करू द्याल का, या माझ्या प्रश्नावर त्यानं मध्यस्थाकडून ‘हौ’ कळवलं होतं. त्याच्या आईचं ‘हौ’ तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी मायलेक बैठकीत बसले. मी कागदाआड भज्यांची ताटली घेऊन. मागचं दार उघडं, ऊन थेट आत. धीर यावा म्हणून मी एकामागून एक चार भजी तोंडात कोंबली. माझी सावली पुलावर बसून खातेय, हे पलीकडे दिसत होतं. मला कुठलं माहीत?

तिकडे बाबांनी आपल्या जपान्याची गाथा सुरू केली. आमच्याकडे बांबूच्या आडोशाला टट्टी म्हणत. तिचा दुसरा अर्थ गावातलं शेंबडं पोरही जाणे. पण बाबा तेव्हा जपानात होते.

“बाई, जपानात मोठमोठे लोक टट्टीतच बसतेत,” ते म्हणाले. “चहाबी तिथंच पेतेत. ह्या माणसानं आपल्या मायले टट्टीतच ठेवलं, आन् दुनियेत त्याचं नाव झालं.”

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मला हसू फुटलं, भजं घशात अडकलं, खोकताना चौकटीला धक्का लागला, आणि मी पुलासकट पाहुण्यांच्या पुढ्यात पडले. मुलगा हसला, पण आईकडे पाहून त्यानं तोंडावर रुमाल धरला. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच आलं.

“ऊठ बाई,” त्याची आई म्हणाली. “लागलं त नाही ना? पाह्यलं तुले मघाच. चार भजे खाल्ले तुनं.” मग बाबांकडे वळली. “आमच्या घरी लय गलका राह्यते. हिले अभ्यासाले कोपरा लागन. एक टट्टी करून द्या. जपानचीच द्या, साधी आहे आमच्याकडे.”

बाबांनी तिथल्या तिथं खिशातून फूटपट्टी काढली.