तू कुठे उभा होतास?

सर्व्हेअरने आयुष्यात कोणाला "काय झालं?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. सोसायटीत भांडण होवो, लिफ्ट अडको, कोणाच्या पोराचं डोकं फुटो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "तू कुठे उभा होतास?" उत्तर आलं की मग दुसऱ्याकडे वळून तेच. मोटार अपघातांचे विमा दावे तपासण्यात त्याची हयात गेली होती. मूळचा उत्तनचा, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी बोलणारा ख्रिस्ती. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीत त्याला नावाने कोणीच हाक मारत नसे. सर्व्हेअर म्हटलं की झालं.

मी विज्ञान शिकवून निवृत्त झालेला आणि कशावरच विश्वास न ठेवणारा. त्याने मला "मास्तर" करून टाकलं आणि आमची जोडी बागेतल्या बाकावर जमली. भांडणाचा विषय एकच, बायबल. रविवारी चर्चच्या मराठी प्रार्थनेत, मिसेत, शास्त्रपाठ वाचायला हाच उभा राहायचा, आणि आवाज असा की मीही एकदोनदा मागच्या बाकावर बसून ऐकून आलो. संध्याकाळी मात्र मी त्याला सोडत नसे. येशूच्या कबरीपाशी बायका किती गेल्या? मत्तय दोन सांगतो, मार्क तीन, योहान मग्दालीया मरीयेशिवाय कोणाचं नाव घेत नाही. आत देवदूत एक होता की दोन? शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिणाऱ्या चौघांचा मेळ नाही, आणि त्यावर तू स्वर्गात जागा धरून बसलायस?

तो आनंदाने मांडीवर थाप मारायचा. "मास्तर, तू एकही पंचनामा केला न्हायस. घोडबंदर रोडला ट्रक उलटला की मी ड्रायव्हर, क्लीनर, टपरीवाला, सगळ्यांना वेगवेगळा चहा पाजायचो. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, म्हणजे अपघात झालाय. चौघांनी एकच सांगितली, म्हणजे बैठक झालीय." मत्तय एका जागी उभा, योहान दुसऱ्या जागी, म्हणून फरक. फरक आहे म्हणूनच खरं आहे. ह्यावर माझ्याकडे उत्तरं होती, पण त्याच्या चेहऱ्यावरची खात्री पाहिली की ती देण्यात मजा राहत नसे.

त्याची बायको त्रेझा आजारी पडली ती उठलीच नाही. कॅन्सर होता. मुलगी लीना कॅनडाहून आली, त्याची उत्तनची बहीण येऊन राहिली. त्या दिवशी त्रेझाला झोप लागली म्हणून दोघींनीच त्याला खाली पाठवलं, जरा हवा खाऊन ये म्हणाल्या. आम्ही बाकावर बसलो, वाद रंगला. फोन घरीच चार्जिंगला लावलेला. समोरच्या फ्लॅटमधल्या मिश्रा भाभी धावत खाली आल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

सात दिवस घरी रोझरीची प्रार्थना झाली. येणाऱ्या प्रत्येकाला बहीण सांगायची, "शांत गेली. येशूचं नाव घेतलं, माझ्या भावाची आठवण काढली." लीनाही तेच सांगायची, त्याच क्रमाने. मिश्रा भाभी हिंदीत म्हणाल्या, "शांति से गयीं. येशू का नाम लिया, भाईसाब को याद किया." मी सर्व्हेअरकडे पाहत होतो. ऐकताना त्याची मान हळूहळू खाली गेली.

पुढच्या आठवड्यात बाकावर तो म्हणाला, "मिश्रा भाभी वीस वर्षं समोर राहते. आमच्या देवाला ती 'आपके भगवान' म्हणते. परवा 'येशू' म्हणाली." "तिघींना मी वेगवेगळं विचारलं, मास्तर. कुठे उभी होतीस? तिघीही म्हणाल्या, उशाशी. ती खोली तू बघितलीस ना? उशाशी एकाच्या वर माणूस मावत न्हाय."

तिथून माणूस संपायला लागला. मी मुद्दाम त्याला डिवचायचो. येशूला धरून देणारा यहूदा फास घेऊन मेला की पडून पोट फुटून, ह्यावर पूर्वी त्याने मला तासभर झोडपलं असतं. आता म्हणायचा, "तू म्हणतोस ते बरोबर असेल." इतकी वर्षं ज्या विजयासाठी मी घसा कोरडा केला तो असा फुकट पदरात पडला आणि मला रडू आलं. मग बायबलची बाजू मीच घेऊ लागलो. घरी बसून शुभवर्तमानं वाचायची आणि खाली येऊन सांगायचं, "अरे, तुझ्याच हिशेबाने चौघांत फरक आहे, म्हणजे बैठक झालेली नाही."

"हुशारीने केली असेल," तो म्हणाला. "माझी माणसं साधी, त्यांना फरक ठेवणं जमलं न्हाय. नोकरीत मला वाटायचं, बैठक फक्त पैशासाठी होते. मायेपोटीपण होते, हे कळलंच न्हाय. ते चौघंपण मायेनेच बसले असतील. मग त्रेझा आता कुठे हाय, ते मी कोणाला विचारू?"

मिसेत वाचायचं मात्र तो सोडत नव्हता. आवाज तसाच, खणखणीत. मी विचारलं तर म्हणाला, "काम दिलंय, करतोय."

दोन वर्षं गेली. दर रविवारी लीनाचा फोन येई, दर रविवारी तो एकदा त्रेझा कशी गेली ते विचारी आणि ती तेच वाक्य सांगे. एका दुपारी मिश्रा भाभींनी मला वर बोलावलं. तो पलंगावर, छाती धरून. ॲम्ब्युलन्स यायच्या आत आटोपलं. खाली येताना भाभी लिफ्टमध्ये रडत म्हणाल्या, "लीना को क्या बोलना है, भाईसाब? एक ही बात बोलते हैं ना?"

"नहीं भाभी," मी म्हटलं. "आपने जो देखा वो आप बोलो. मैं मेरा बोलेगा."

लीनाने फोनवर रडून घेतलं. मग तिने विचारलं, "अंकल, तुम्ही कुठे उभे होता?"

"पायाशी," मी म्हटलं. "माझ्याकडे बघून म्हणाला, मास्तर, मला न्हाय जायचं. एवढंच." फोन भाभींकडे दिला. त्या म्हणाल्या, "मैं सिर के पास थी, बेटा. कुछ बोले नहीं. मेरा हाथ पकड़ के रो रहे थे."

मी फोन परत घेतला. "म्हणजे खरंच असेच गेले," लीना म्हणाली. मग अडखळत पुढे बोलली. "मम्मीपण शांत नाही गेली, अंकल. पप्पांना हाका मारत होती. मी दाराशी होते, मला ते बघवेना. आत्या उशाशी होती, ती म्हणते मम्मी हाका मारत नव्हती, शिव्या देत होती. आमचं जुळेना, म्हणून आम्ही एक वाक्य ठरवलं."

दोन वर्षं तो दर रविवारी ह्यासाठी कान देऊन बसला होता. दोन साक्षी, दोन जागा, मेळ न बसणाऱ्या. त्याला त्या पुरल्या असत्या, त्यावर तो पुन्हा सगळं उभं करू शकला असता. आता त्या ऐकायला मी होतो, आणि मला त्यांचं काय करायचं ते माहीत नाही.